रिपोर्ट नागपूरला, पेशंट कळमेश्वरला

प्रति,
मा. मंत्री, सार्वजनिक आरोग्य व कुटुंब कल्याण,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय: लकव्याचा पेशंट घरी परतल्यावर त्याची तपासणी तालुक्यात व्हावी, याबाबत.

महोदय,

मी कळमेश्वरात रक्त तपासायचं काम करतो. गाव तुम्हाला ठाऊक असेल: नागपूरहून काटोल रस्त्यानं वीस-बावीस किलोमीटर, एका अंगाला एमआयडीसी, दुसऱ्या अंगाला कापूस आणि संत्र्याच्या बागा. आमच्याकडे कोणाला लकवा मारला की गाडी सरळ नागपूरला धावते, सरकारी मेडिकलला, मेयोला, नाहीतर ऐपतीप्रमाणे खासगीत. आठ-पंधरा दिवसांनी माणूस परत येतो. वाकडं तोंड थोडं सरळ झालेलं असतं, हात अजून उचलत नसतो आणि सोबत रिपोर्टांनी भरलेली प्लास्टिकची पिशवी असते. त्यातले दोन-चार कागद घेऊन घरचे माझ्याकडे येतात. बोट ठेवतात ते बहुतेक वेळा सीआरपीच्या आकड्यावर. “भाऊ, हा अजून वाढलेलाच आहे का, जरा बघून द्या ना.”

त्यांना कोणीतरी सांगितलेलं असतं की सीआरपी म्हणजे अंगातली सूज. ते बरोबरच आहे. पण सूज कशाची, ती वाढते आहे की उतरते आहे आणि तिचा पेशंटच्या हातापायांशी संबंध काय, हे एका आकड्यावरून मलाच काय, मोठ्या डॉक्टरलाही सांगता येत नाही. त्यासाठी तेच रक्त ठरावीक दिवसांनी पुन्हा बघावं लागतं आणि बघणाऱ्याला समोर पेशंट दिसावा लागतो. आपल्या व्यवस्थेत नेमकं हेच होत नाही. रक्त घेतलं जातं नागपूरला, भरती असताना. माणूस कळमेश्वरला परतला की रक्त तपासणंही थांबतं आणि विचारपूसही. हे पत्र त्यासाठी आहे.

आधी थोडं रक्तात काय घडतं ते सांगतो. मेंदूच्या धमनीत गुठळी अडकली की पुढच्या भागाला रक्त मिळत नाही आणि पेशी मरू लागतात. लकव्याच्या एका मोठ्या झटक्यात मिनिटाला सुमारे 19 लाख चेतापेशी जातात, असा हिशेब 2006 साली मांडला गेला आणि तो आजही सगळीकडे सांगितला जातो. मरणाऱ्या पेशींचा सांगावा मेंदूतल्या राखणदार पेशींना जातो. त्या इंटरल्युकिन-1, इंटरल्युकिन-6, टीएनएफ-अल्फा अशी रसायनं सोडतात. इंटरल्युकिन-6 रक्तातून यकृतापर्यंत पोचतं आणि यकृत सीआरपी बनवायला लागतं. सहा-आठ तासांत सीआरपी चढू लागतो, दुसऱ्या दिवसाच्या आसपास टोक गाठतो आणि कारण संपलं की भराभर उतरतो, कारण रक्तातला निम्मा सीआरपी साधारण 19 तासांत नाहीसा होतो. तिकडे पांढऱ्या पेशींतले न्यूट्रोफिल वाढतात आणि लिम्फोसाइट घटतात. ही घट वाईट असते. शरीर स्वतःची रोगप्रतिकारशक्ती दाबतं, आणि लकव्याच्या पेशंटला पहिल्या आठवड्यात न्यूमोनिया गाठतो त्याचं एक मोठं कारण हेच.

या सुजेचं काम दुहेरी आहे. पहिल्या काही दिवसांत ती मेंदूची आणखी नासाडी करते. पुढच्या आठवड्यांत त्याच पेशी मेलेला कचरा उचलतात आणि दुरुस्तीला वाट करून देतात. म्हणून ‘सूज आहे’ एवढं कळून भागत नाही. ती कितव्या दिवशीची आहे, हे कळलं तरच तिचा अर्थ लागतो.

महोदय, हे शिकायला आपल्याला परदेशी पुस्तकं उघडावी लागत नाहीत. नागपुरातच, बजाजनगरच्या सेंट्रल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ मेडिकल सायन्सेसमध्ये, ज्याला आमच्याकडे सगळे सिम्स म्हणतात, या विषयावर बरीच वर्षं काम झालं. डॉ. जी. एम. टावरी, डॉ. हातिम दागिनावाला, डॉ. राजपाल सिंग कश्यप, अमित नायक आणि त्यांचे सहकारी लकव्याच्या पेशंटचं रक्त घेऊन त्यातली प्रथिनं तपासत होते. निरोगी माणसांच्या रक्तात दिसणारा एक प्रथिनाचा पट्टा झटका आलेल्यांच्या रक्तात, भरती होताना, दिसेनासा झालेला त्यांना आढळला. माणूस सुधारू लागला तसा तो पट्टा परत उमटला. ते प्रथिन आयटीआयएच-4 निघालं. ही माहिती 2009 साली ‘क्लिनिका किमिका ॲक्टा’ या आंतरराष्ट्रीय नियतकालिकात छापून आली. पुढे 2012 मध्ये याच गटानं हे प्रथिन आणि सुजेची रसायनं यांचा दिवसागणिक चढउतार मांडला: भरती होताना, मग ठरावीक तासांनी पुन्हापुन्हा, आणि सुट्टी होताना.

मला त्यात सर्वांत मोलाची वाटते ती पद्धत. एकाच माणसाचं रक्त परत परत घ्यायचं आणि आकडा त्याच्याच कालच्या आकड्याशी ताडून बघायचा. आयटीआयएच-4 अजून रोजच्या तपासणीत आलेलं नाही आणि कुठल्या तालुक्याच्या लॅबमध्ये ते होत नाही. व्हावं असा माझा आग्रहही नाही. पण ही पद्धत रक्तपेशी मोजणाऱ्या साध्या सीबीसीलाही लागू होते. जांभळ्या टोपणाच्या ट्यूबमधलं रक्त यंत्रात घातलं की मिनिटाभरात जी पट्टी बाहेर येते, तिच्यावर न्यूट्रोफिल आणि लिम्फोसाइट दोन्ही छापलेले असतात. न्यूट्रोफिलच्या आकड्याला लिम्फोसाइटच्या आकड्यानं भागलं की जे गुणोत्तर मिळतं ते लकव्यात जितकं चढं, तितकी पेशंटची पुढची वाटचाल अवघड, असं अनेक देशांतल्या अभ्यासांत दिसलं आहे. त्याला वेगळा खर्च नाही, वेगळी सुई नाही. हे गुणोत्तर एकट्या माणसाचं भविष्य सांगत नाही, मोठ्या गटाचा कल सांगतं. पण आज ती पट्टी फाईलला लावली जाते आणि कोणी भागाकारही करत नाही.

आता रक्ताची मर्यादाही मीच सांगतो, कारण माझं पोट याच धंद्यावर आहे आणि मी सांगितलेलं लोक जरा जास्त मनावर घेतील.

पहिल्या तासांत यातली कुठलीच तपासणी उपयोगाची नाही. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन द्यायचं तर लक्षणं सुरू झाल्यापासून साधारणपणे साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. 1995 च्या अभ्यासानं ही मुदत 3 तासांची ठरवली होती, 2008 च्या अभ्यासानं ती 4.5 तासांपर्यंत नेली. त्याआधी सीटी स्कॅन हवा, रक्तस्राव नाही ना हे बघायला. रक्ताच्या तपासण्यांपैकी, अमेरिकन स्ट्रोक असोसिएशनच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे, प्रत्येक पेशंटमध्ये इंजेक्शनआधी हवीच अशी एकच आहे: साखर. ती बोटाच्या टोकावरच्या थेंबात कळते. पेशंट रक्त पातळ करणारी गोळी घेत असेल किंवा रक्तस्रावाची शंका असेल तर आणखी एक-दोन. बाकी सगळं नंतर. तरीही अंगाचा एक भाग लुळा पडलेला माणूस आधी माझ्या दारात आणला जातो. “रक्त-लघवी करून घ्या, मग नागपूरचं बघू.” मी सुईला हात लावत नाही. 108 ची रुग्णवाहिका बोलवा म्हणतो. 2014 पासून महाराष्ट्रात 108 धावते आहे, पण लकव्यासाठी ती बोलवायची असते हे अजून घराघरात पोचलेलं नाही. अपघाताला आणि बाळंतपणाला बोलवतात. लकव्याला मात्र आधी तेल चोळलं जातं, कुठे कुठे कबुतराचं रक्त लावलं जातं, आणि साडेचार तास घरातच सरतात.

दुसरी मर्यादा सीआरपीची. हा आकडा कोणाचाच सख्खा नाही. 1930 मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत तो पहिल्यांदा सापडला तोच मुळी न्यूमोनियाच्या पेशंटच्या रक्तात. रात्री गावातली कुत्री भुंकली की कोणीतरी आलंय एवढं कळतं. चोर की पाहुणा, हे दार उघडूनच बघावं लागतं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी सीआरपी एकदम चढला तर मेंदूची सूज वाढली असं धरून बसणं घातक ठरतं. आधी छाती ऐकावी, लघवीची नळी बघावी, पाठीला शय्याव्रण झालं का ते बघावं. लकव्याच्या पेशंटला घोट नीट गिळता येत नाही, पाणी श्वासनलिकेत जातं आणि फुप्फुसात संसर्ग होतो. तोंडातून काही देण्याआधी बसवून चमचाभर पाणी पाजायचं, ठसका लागतो का, आवाज ओलसर होतो का ते बघायचं. एवढ्या साध्या गोष्टीनं काही न्यूमोनिया टळतात. घरी मात्र आजोबांना आडवंच ठेवून वरणाचं पाणी पाजतात. हे कोणी शिकवलेलंच नसतं.

तिसरी गोष्ट आमच्या मुलखाची. विदर्भात सिकलसेल आहे, हे तुम्हाला सांगायला नको. ज्यांना तो आजार आहे त्यांना लहान वयातही मेंदूचा झटका येऊ शकतो, आणि त्यांचा ईएसआर फसवा असतो. ईएसआरच्या उभ्या नळीत तासाभरात लाल पेशी किती खाली बसल्या ते आपण मोजतो. पेशी एकावर एक नाण्यांसारख्या रचल्या गेल्या की भराभर बसतात. कोयत्याच्या आकाराच्या पेशी तशा रचल्याच जात नाहीत, म्हणून अंगात सूज असूनही आकडा कमी येतो आणि अनोळखी डॉक्टर “सगळं ठीक आहे” म्हणून मोकळा होतो. दुसरीकडे क्षयरोग आहे. मेंदूच्या आवरणाचा क्षय झाला तर त्यातूनही लकवा होतो. शिवाय तंबाखू-सुपारीचा खर्रा आहेच. खर्रा चघळून हिरड्या सुजलेल्या माणसाचा सीआरपी झटका येण्याआधीपासूनच थोडा चढा असू शकतो. अशा लोकांना युरोप-अमेरिकेत ठरलेले आकडे तसेच लावले तर चुकायला होणारच. आमच्या माणसाचा ‘नॉर्मल’ किती, हे आमच्या माणसांचं रक्त मोजूनच ठरेल.

चौथी गोष्ट, सूज मारण्याचं औषध दिलं की लकवा सुधारेल, हा समज. शास्त्रज्ञांनाही तो मोह झाला होता. पांढऱ्या पेशींना मेंदूत शिरूच द्यायचं नाही, अशा एन्लिमोमॅब नावाच्या औषधाची चाचणी झाली. 2001 मध्ये निकाल आला: औषध घेतलेल्यांची अवस्था जास्त बिघडली. मग गाऊटवर वापरलं जाणारं कोल्चिसिन आलं. चीनमधल्या ‘चान्स-3’ या चाचणीत सौम्य झटक्याचे आणि सीआरपी लिटरमागे 2 मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त असलेले आठ हजारांवर पेशंट घेतले. 90 दिवसांत नव्या झटक्यांत फरक पडला नाही. युरोपातल्या ‘कन्व्हिन्स’ चाचणीत, 2024 मध्ये, सीआरपी खाली आला, पण पुन्हा झटका येण्याचं प्रमाण खात्री देण्याइतकं घटलं नाही. आकडा उतरला म्हणजे माणूस वाचला असं नाही, हे यातून दिसतं. संशोधन चालू आहे आणि ते चालू राहावं. पण याच आकड्यांची भीती घालून तपासण्यांची पॅकेजं विकली जातात, ती आमच्या गल्लीपर्यंत आली आहेत. लकव्यातून उठलेल्या शेतकऱ्याचे पैसे महागड्या सुजेच्या पॅनेलवर जाण्यापेक्षा त्याचं बीपी दर महिन्याला मोजलं जावं, साखर आणि एलडीएल कोलेस्टेरॉल बघितलं जावं, ईसीजीत हृदयाचे ठोके अनियमित आहेत का ते तपासलं जावं. दुसरा झटका टाळायचा तर हेच आधी.

आता मूळ मुद्द्यावर येतो. माणूस घरी आल्यावर काय होतं?

गडचिरोलीत ‘सर्च’ संस्थेच्या डॉ. योगेश्वर कालकोंडे आणि सहकाऱ्यांनी गावोगावच्या मृत्यूंची कारणं शोधली. 2015 मध्ये छापलेल्या त्या अभ्यासात लकवा हे मृत्यूचं पहिल्या क्रमांकाचं कारण निघालं, साधारण सात मृत्यूंमागे एक. आणि लकव्यानं गेलेले बहुतेक लोक घरीच गेले. ज्या खेड्यांबद्दल आपण मलेरिया आणि कुपोषण एवढंच बोलतो, तिथली ही गोष्ट.

मग एक उपाय सुचवला जातो: घरच्यांनाच व्यायाम शिकवा, ते करून घेतील. तोही करून पाहिला गेला. ‘अटेंड’ नावाच्या चाचणीत भारतातल्या 14 रुग्णालयांतले 1250 पेशंट होते. घरच्या एका माणसाला व्यायाम शिकवून घरी पाठवलं गेलं. 2017 मध्ये निकाल लागला: सहा महिन्यांनंतर नेहमीच्या पद्धतीच्या तुलनेत काही फायदा दिसला नाही. घरच्यांची माया कमी पडली, असा त्याचा अर्थ मी लावत नाही. दिवसभर बागेत किंवा कंपनीत राबून आलेल्या सुनेवर किंवा मुलावर फिजिओथेरपिस्टचं काम सोपवून सरकारला हात झटकता येत नाहीत, असा लावतो.

म्हणून माझ्या मागण्या अशा आहेत. यातल्या बऱ्याचशा गोष्टींसाठी नवी इमारत लागत नाही.

एक. नागपूरच्या रुग्णालयातून सुट्टी होताना लकव्याच्या प्रत्येक पेशंटला एक कार्ड द्यावं. त्यावर भरतीच्या, तिसऱ्या आणि सुट्टीच्या दिवशीचे आकडे एकाखाली एक असावेत: बीपी, साखर, सीबीसी, आणि केला असेल तर सीआरपी. शेजारी तितक्याच ठळकपणे लिहावं की त्या दिवशी माणूस काय करू शकत होता. घोट गिळतो का, आधारानं उभा राहतो का, शर्टाची गुंडी लावतो का. रक्ताचा आकडा माणसाच्या हालचालीशेजारी लिहिला तरच कामाचा.

दोन. त्याच कार्डावर पुढच्या तारखा आणि जागा छापाव्यात. कळमेश्वरच्या पेशंटला कळमेश्वरची जागा, मोहपा-धापेवाड्याच्या माणसाला त्याच्या जवळची. सरकारी दवाखान्यांतून ‘महालॅब’ या सरकारी तपासणी योजनेमार्फत रक्ताचे नमुने आजही गोळा होतात. तीच गाडी, तीच ट्यूब या पेशंटसाठी वापरता येईल. न आलेल्या पेशंटची यादी आशाताईकडे जावी आणि त्या कामाचा वेगळा मोबदला तिला मिळावा.

तीन. आठवड्यातून ठरलेल्या दिवशी तालुक्याला फिजिओथेरपिस्ट हवा. बाजाराच्या दिवशी ठेवला तर पेशंटला आणणारी माणसं त्याच फेरीत येतील.

चार. 108 च्या चालकाला आणि डॉक्टरला एक पक्का नियम द्यावा: लकव्याची शंका आली की लक्षणं कधी सुरू झाली ते विचारायचं, साखर बघायची आणि जिथे सीटी आणि इंजेक्शन दोन्ही आहे तिथेच न्यायचं, पुढे फोन करून. त्या इंजेक्शनांपैकी टेनेक्टेप्लेज आपल्याच पुण्यात तयार होतं. ते कळमेश्वरच्या माणसाला वेळेत मिळू नये याला औषधाची टंचाई हे कारण देता येणार नाही.

पाच. संशोधन. नागपुरात मेडिकल, मेयो, मिहानमधलं एम्स आणि सिम्स अशा चार जागा आहेत. त्यांनी मिळून, पेशंटची लेखी संमती घेऊन, जिल्ह्यातल्या लकव्याच्या पेशंटचं रक्त वर्षभर ठरावीक अंतरानं तपासावं. सिकलसेल असलेल्यांचा आणि क्षय होऊन गेलेल्यांचा हिशेब वेगळा मांडावा. आमच्या माणसांचे आकडे त्यातून ठरतील. संमतीचा कागद मराठीत असावा आणि निकाल आला की तो पेशंटच्या घरीही कळवावा. आजवर आमच्याकडून रक्त गेलं, निकाल मात्र आम्हाला क्वचितच कळला.

सहा. लकव्याच्या नावानं विकल्या जाणाऱ्या तपासणी पॅकेजांवर लक्ष ठेवावं. कोणती तपासणी कोणत्या दिवशी आणि कशासाठी, याचं एक पानी मराठी पत्रक आरोग्य खात्यानं काढावं आणि ते प्रत्येक लॅबच्या भिंतीवर लावणं सक्तीचं करावं. पहिलं मी माझ्या भिंतीवर लावीन, धंदा थोडा बसला तरी.

महोदय, यातल्या पहिल्या तीन मागण्या एका तालुक्यात सहा महिने करून बघता येतील. कळमेश्वर त्यासाठी सोयीचा तालुका आहे: नागपूर जवळ, रेल्वे आणि रस्ता दोन्ही, आणि कारखान्यातला कामगार, शेतमजूर, बागाईतदार असे सगळ्या तऱ्हेचे पेशंट. कार्डाचा नमुना करायला मी आणि माझ्यासारखे लॅबवाले बसायला तयार आहोत, बिनमोबदला.

तुमच्याकडून मला एकाच प्रश्नाचं लेखी उत्तर हवं आहे. सुट्टी होऊन तीस दिवस झालेल्या लकव्याच्या पेशंटला बोलावून घेण्याची जबाबदारी तालुक्यात आज नेमकी कोणाची? व्यक्तीचं नाव नको, पदाचं नाव सांगा. ते पद नसेल तर तसंही लिहा. मग पुढचं पत्र ते निर्माण करण्याबद्दल असेल.

आपला,
कळमेश्वरचा एक लॅब टेक्निशियन